आमच्या किनाऱ्यावरील जहाजबुडी : एकोणिसावे शतक

जालन्याच्या वसंत व्याख्यानमालेत समुद्रात बुडालेल्या जहाजांवर बोलावयाचे, म्हणजे देशावरच्या माणसाने कोकणाची उठाठेव करण्यासारखे आहे, असे कोणास वाटले तर आम्ही त्यास दोष देणार नाही. या दिवसांत कुंडलिकेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू अधिक. समुद्र येथून सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरांहून दूर. आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या आजा-पणजांनी तो डोळ्यांनी पाहिलाही नसेल. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. आपल्या जिल्ह्यात झालेली सर्वांत गाजलेली लढाई ज्या सेनापतीने जिंकली, तो तिच्या अडीच वर्षे आधी एका जहाजावर चढला असता, तर असईच्या रणात त्याचे नाव कोणी ऐकले नसते. तेव्हा जहाजबुडीचा आणि आपला संबंध तेथूनच सांगू लागणे बरे.

१८०१ सालची गोष्ट. इंग्रज व फ्रेंच यांचे युद्ध चालू होते आणि मिसर देशात फ्रेंचांची फौज अडकून पडली होती. तिच्यावर हिंदुस्थानातून, तांबड्या समुद्राच्या वाटेने, फौज पाठवावी असे कलकत्त्यास ठरले. मुख्य सेनापती जनरल बेअर्ड आणि त्याच्या हाताखाली कर्नल आर्थर वेलस्ली. वेलस्ली मुंबईस आला आणि तापाने पडला. ताप उतरतो तोच अंगभर खरूज फुटली. ज्या 'सुसाना' जहाजावरून त्याने जावयाचे ते त्यास मागे ठेवून निघाले आणि तांबड्या समुद्रात सगळ्या माणसांसह बुडाले. वेलस्ली म्हैसूरकडे परतला. पुढे २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, आपल्याच जिल्ह्यातील असई येथे, त्याने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. त्याची स्वतःची दीड हजारांवर माणसे त्या दिवशी मेली वा जखमी झाली. पुढे वॉटर्लूस नेपोलियनला हरविणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच.

एका खरजेने मराठी राज्याचे भवितव्य ठरविले असे म्हणणे अर्थातच अतिशयोक्तीचे होईल. वेलस्ली नसता तर दुसरा कोणी आला असता. तोफा त्याच, पैसा तोच आणि आमच्या सरदारांची फूटही तीच. 'जर' आणि 'तर' यांच्या जोरावर इतिहास लिहू नये हे आम्हांस ठाऊक आहे. पण वेलिंग्टनचे चरित्रकार ही हकीकत त्याच्या भाग्याचा दाखला म्हणून सांगतात आणि पुढे जातात, तेथे आम्ही थोडे थांबतो. जो जहाजावर चढला नाही त्याचे नाव जगाला पाठ आहे. जे चढले ते 'सगळी माणसे' या दोन शब्दांत आटोपले. एकोणिसाव्या शतकात आमच्या किनाऱ्यावर जी जहाजे फुटली, किंवा आमच्या बंदरांतून निघून परत आली नाहीत, त्यांच्या हकीकती वाचताना हाच प्रकार पुनःपुन्हा भेटतो. जहाजाचे नाव असते, वजन असते, बांधणीचे साल असते; कप्तान असतो; माल असतो; आणि मग एक आकडा असतो. तो आकडा म्हणजे माणसे.

समुद्राचा आणि या प्रदेशाचा संबंध तसा जुना आहे. आपल्या भोकरदनास, म्हणजे प्राचीन भोगवर्धनास, १९७३ च्या सुमारास जे उत्खनन झाले त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याच जातीची मूर्ती त्यापूर्वी इटलीतील पाँपेई शहरात, इ. स. ७९ मध्ये पडलेल्या ज्वालामुखीच्या राखेखाली मिळाली होती. ती येथूनच गेली की दुसऱ्या कोठून, हा पंडितांचा वाद आहे. पण ती समुद्रावरून गेली यात वाद नाही. एकोणिसाव्या शतकात हस्तिदंताची जागा कापसाने घेतली. जालना ही निजामाच्या मुलखातली मोठी पेठ, शेजारी इंग्रजी छावणी, आणि रेल्वे येथे पोहोचली ती १९०० च्या सुमारास. तोवर मराठवाड्यातला आणि वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवर नि गाड्यांतून घाटाकडे जाई, तेथून मुंबईस, आणि तेथे दाबून त्याचे गठ्ठे बांधले की केप ऑफ गुड होपला वळसा घालून लिव्हरपुलास. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला होईपर्यंत हाच मार्ग होता आणि शिडाच्या जहाजास त्याला चार-चार महिने लागत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस विलायतेस मिळेनासा झाला, तेव्हा या मालाला सोन्याचे मोल आले. कापसाच्या जहाजाला पाण्याइतकेच आगीचे भय असे. दमट कापूस घट्ट दाबून तळघरात भरला की आतल्या आत तापून तो पेट घेई.

जहाज बुडाले की देशावर काय होत असे? किनाऱ्यावर प्रेते लागत. येथे कागद येत असे. आमच्या व्यापाऱ्यांनी विलायती विमा कंपन्यांच्या कितीतरी आधीपासून या प्रसंगाची तजवीज करून ठेवली होती. तिचे नाव जोखमी हुंडी. साधी हुंडी म्हणजे अमक्या मितीस तमक्याला पैसे देण्याची चिठ्ठी. जोखमी हुंडीत अट अशी की माल घेऊन निघालेले तारू सुखरूप बंदरास लागले तरच पैसे द्यावयाचे. तारू बुडाले तर हुंडी घेणाऱ्याचे पैसे बुडाले. म्हणजे सावकार हाच विमा उतरविणारा. त्याबद्दल तो हुंडी विकत घेतानाच कसर कापून घेई. ऋतू कोणता, तारू कसे, तांडेल कोण, हे पाहून कसर कमी-जास्त होई. आपण आज शेअरबाजारापासून शस्त्रक्रियेपर्यंत सर्वत्र 'जोखीम' हा शब्द वापरतो. समुद्रावरच्या या व्यवहारात तो शब्द कसा रोज तोलला व मोजला जात होता हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. देशावरच्या पेढीचे बंदरावरच्या पेढीशी देणेघेणे असे, म्हणून कोठे कोकणात एक गलबत फुटले तर त्याचा हादरा घाट चढून वर येई. व्यवस्था उत्तम होती. मात्र तिच्यात जोखीम होती ती मालाची. खलाशाच्या जिवाची हुंडी कोणी लिहीत नसे.

फुटलेल्या जहाजावर हक्क कोणाचा, हा वाद तर त्याहून जुना. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सिंडेन रायगडावर आला आणि त्याने तहाची कलमे पुढे ठेवली. आमची जहाजे तुमच्या किनाऱ्यावर फुटली तर ती व त्यांतील माल आम्हांस परत मिळावा, असे त्यांत एक कलम होते. शिवाजी महाराजांनी बाकीची बहुतेक कलमे मान्य केली, हे केले नाही. कोकणची चाल अशी की किनाऱ्याला लागलेले फुटके तारू सरकारचे. इंग्रजांना सूट दिली तर उद्या फ्रेंच, वलंदेज सगळेच मागतील, असे त्यांचे म्हणणे पडले. इंग्रज ग्रंथकारांनी यावरून आपल्या किनाऱ्यास लुटारू ठरविले. आम्हांस हा न्याय एकांगी वाटतो. फुटक्या तारवावर राजाने किंवा किनाऱ्याच्या धन्याने हक्क सांगावा ही चाल त्या काळच्या युरोपातही होती, आणि महाराजांनी दिलेले कारण हे लोभाचे नसून राज्यकर्त्याचे आहे. पण एवढे मात्र खरे की त्या वादातही दोन्ही पक्षांचे बोलणे मालाविषयी होते.

१८१८ नंतर कोकणचा बहुतेक किनारा कंपनीच्या ताब्यात आला आणि वाद मिटला. जहाजे फुटावयाची थांबली नाहीत. का थांबली नाहीत, हे कळण्यासाठी समुद्राचा एक साधा हिशेब पाहिला पाहिजे.

कोळी आणि खारवी मिरग जवळ आला की आपली गलबते वर ओढून झापांनी शाकारीत आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच ती पुन्हा पाण्यात लोटीत. नैर्ऋत्येचा वारा सरळ किनाऱ्यावर येतो. शिडाचे जहाज एकदा किनाऱ्याजवळ सापडले की त्यास तो वारा खडकांवर रेटतो आणि सुटण्यास वाट उरत नाही. या चालीस पुस्तकी लोकांनी भोळसट श्रद्धा म्हटले, ती वस्तुतः पिढ्यान्पिढ्यांच्या मरणांतून काढलेली शिकवण होती. विलायतेहून निघालेल्या जहाजाला मात्र हे पाळता येत नसे. ते चार महिन्यांपूर्वी निघालेले. जूनमध्ये मुंबईपुढे आले तर जूनमध्येच आत शिरावयाचे. ढगांमुळे चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. सूर्य दिसल्याशिवाय आपण कोठे आहोत हे कप्तानाला नक्की सांगता येत नाही. समोर पावसाचा पडदा. आणि बंदराच्या तोंडाशी, कुलाब्याच्या टोकापासून दूरवर पाण्याखाली गेलेली खडकांची रांग. तिला इंग्रज 'प्राँग्ज' म्हणजे शेतकामाच्या दाताळ्याचे दाते म्हणत. कुलाब्याच्या टोकावर १७९९ पासून दीपगृह होते. पण दीप जमिनीवर आणि मरण त्याच्या बरेच पुढे, अशी ती व्यवस्था होती. दिवा दिसेपर्यंत जहाज दात्यांत सापडलेले असे.

जून १८४० मध्ये एकाच वादळी हवेत 'लॉर्ड विल्यम बेंटिंक' आणि 'लॉर्ड कॅसलरे' अशी दोन मोठी जहाजे याच खडकांवर येऊन फुटली. पहिल्यावर विलायतेहून आलेले लष्करात नवे भरती झालेले शिपाई होते. कोवळी पोरे, समुद्राचा पहिला प्रवास, चार महिने काढलेले आणि मुंबई डोळ्यांसमोर. शहरातून दिसेल इतक्या अंतरावर ती जहाजे मोडली आणि तशा समुद्रात होड्या त्यांच्यापर्यंत पोहोचेनात. या खडकांच्या टोकाशी, पाण्यात, टॉमस ऑर्मिस्टन या इंजिनिअराच्या देखरेखीखाली प्राँग्जचे दीपगृह उभे राहून पेटले ते १८७५ मध्ये. म्हणजे मध्ये पस्तीस वर्षे गेली. त्याच्या आठ वर्षे आधी, १८६७ मध्ये, खांदेरी बेटावर दीप लागला होता. ज्या खांदेरीसाठी १६७९ मध्ये महाराजांचे आरमार इंग्रजांशी झुंजले तीच ही. आजही मांडव्याकडे जाताना दूरवर तो मनोरा दिसतो.

आमच्या लोकांनी पावसाळा टाळला. पण तेवढ्याने सगळे संकट टळत नव्हते. अरबी समुद्रातली खरी चक्री वादळे बहुधा पावसाळ्याच्या ऐन मध्यात होत नाहीत; ती त्याच्या दोन्ही कडांना, एप्रिल ते जूनच्या आरंभी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात उठतात. म्हणजे गलबते वर ओढण्यापूर्वी शेवटची फेरी करावी तेव्हा, आणि दिवाळी आटोपून बाजार उघडला, लग्नांची बोलणी सुरू झाली, सगळा किनारा पुन्हा पाण्यावर आला तेव्हा. तारखा पाहा : एप्रिल १८४७, १ नोव्हेंबर १८५४, ८ नोव्हेंबर १८८८. यांतली मधली मुंबईची. त्या रात्री शहरावर व बंदरावर जे तुफान आले त्यात चार तासांत सुमारे हजार माणसे गेली आणि पाच लाख पौंडांची मालमत्ता नष्ट झाली, असे मुंबईच्या गॅझेटियरात नमूद आहे. बाकीच्या दोहोंविषयी थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे.

'क्लिओपात्रा' हे कंपनी सरकारच्या आरमारातले चाकाचे, म्हणजे दोहो बाजूंना वल्हेचक्रे असलेले, वाफेचे लढाऊ जहाज. एप्रिल १८४७ मध्ये ते मुंबईहून सिंगापुराकडे निघाले. त्यावर खलाशी व अधिकारी होते, पहाऱ्याचे शिपाई होते आणि शंभर कैदी होते. त्या काळी काळे पाणी म्हणजे अंदमान नव्हे. मुंबई इलाख्यातल्या जन्मठेपेच्या कैद्यांना पिनांग, मलाक्का, सिंगापूर येथे धाडीत आणि त्यांच्याकडून रस्ते, पूल, इमारती बांधून घेत. मलबारच्या किनाऱ्यासमोर चक्री वादळाने त्या जहाजास गाठले. त्यानंतर ते कोणास दिसले नाही. अडीचशे-तीनशे माणसे होती. त्याच वादळाने पुढे लखदीव बेटांवर समुद्राची लाट नेली; एकट्या कल्पेनी बेटावर अडीचशेच्या घरात माणसे वाहून गेली आणि नारळाची झाडे आडवी झाल्याने मागे उरलेल्यांत पुष्कळ उपासमारीने मेले. हेन्री पिडिंग्टन या कलकत्त्याच्या गृहस्थाने अशा वादळांच्या नोंदी, जहाजांचे रोजनामे मिळवून, वर्षानुवर्षे जुळविल्या आणि वारा एका केंद्राभोवती गरगर फिरतो हे खलाशांना उमजावे म्हणून १८४८ मध्ये एक पुस्तक काढले. 'सायक्लोन' हा शब्द त्यात त्याने रूढ केला. वादळात सापडल्यास वाऱ्याच्या दिशेवरून केंद्र कोणीकडे आहे हे ओळखावे आणि त्यापासून दूर कसे सरावे, याचे आडाखे त्यात आहेत. ज्ञानाचा हा लाभ मोठा आहे आणि आम्ही त्यास कमी लेखत नाही.

पण ते शंभर कैदी मनातून जात नाहीत. ते कोण होते? मुंबई इलाख्याच्या तुरुंगांतले. म्हणजे त्यांत कोकणातले, देशावरचे, खानदेशातले, गुजराथेतले, सगळे आले. त्या वर्षांत रामोशी, भिल्ल, कोळी यांचे उठाव चालू होते आणि त्यांत धरलेल्यांना समुद्रापार पाठविण्याची शिक्षा होत असे. अशा कैद्यांना जहाजावर बेड्या असत. बुडत्या जहाजावर बेड्यांचा अर्थ काय होतो, ते सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांच्या घरी बातमी गेली का? काळ्या पाण्यावर गेलेला माणूस घरच्यांच्या लेखी गेलेलाच असे. कित्येकांच्या कपाळाचे कुंकू तो जिवंत असल्याच्या भरवशावर पुढे वर्षानुवर्षे राहिले असेल.

वाफ आली, लोखंड आले, आणि १८६० नंतर किनाऱ्यावरची उतारूंची वाहतूक झपाट्याने वाढली. शेपर्ड कंपनीच्या आगबोटी कोकणी माणसाच्या जिभेवर घरच्या गाईम्हशींच्या नावांसारख्या खेळू लागल्या. पुढे बाँबे स्टीम नॅव्हिगेशन म्हणून जी कंपनी झाली तिचे मूळ हेच. कोकणचा चाकरमानी गिरणीत जाऊन पोहोचला तो या आगबोटींमुळे, हे त्यांचे श्रेय. पण शिडाच्या गलबतात वीस माणसे बुडत, आगबोटीत सातशे बुडू लागली, हा त्याच प्रगतीचा दुसरा हिशेब. कायदे झाले नाहीत असे नाही. विलायतेत सॅम्युएल प्लिम्सॉलने पार्लमेंटात आकांडतांडव केल्यावर १८७६ मध्ये जहाजाच्या कुशीवर भाराची खूण काढणे सक्तीचे झाले. आमच्याकडे त्याच वर्षी, आणि पुन्हा १८८७ मध्ये, देशी उतारूंच्या जहाजांविषयी कायदा झाला. 'नेटिव्ह पॅसेंजर' हा वेगळा वर्ग मानून त्याच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, यावरूनच त्यास काय लेखले जाई ते कळते.

या संदर्भात १८८० सालच्या 'जेद्दा' जहाजाची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. सिंगापूर-पिनांगहून मक्केच्या यात्रेस निघालेले साडेनऊशेच्या आसपास यात्रेकरू त्यावर होते. जहाजात पाणी शिरू लागले तेव्हा गोरा कप्तान आणि अधिकारी रात्री होडीत बसून निघून गेले. त्यांना दुसऱ्या जहाजाने उचलून एडनला नेले आणि जहाज सर्व उतारूंसह बुडाले, अशी खबर त्यांनी दिली. तारा गेल्या, जगभर हळहळ झाली. आणि एक-दोन दिवसांतच तेच 'जेद्दा' जहाज, यात्रेकरूंसह, दुसऱ्या आगबोटीच्या मागे बांधलेले, एडनच्या बंदरात आले! यात्रेकरूंनीच रात्रंदिवस पाणी उपसून ते तरते ठेवले होते. जोसेफ कॉनरॅडची 'लॉर्ड जिम' ही कादंबरी या प्रकरणावरून सुचली. कादंबरी पळून गेलेल्या गोऱ्या तरुणाच्या मनाची आहे, आणि थोर आहे. पाणी उपसणाऱ्यांची कादंबरी अद्याप लिहावयाची राहिली आहे.

आता 'वैतरणा'. शेपर्ड कंपनीची ही आगबोट १८८५ मध्ये स्कॉटलंडात ग्रेंजमाउथ येथे बांधलेली, म्हणजे नवी कोरी. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून कच्छ-काठेवाडात तिला 'विजळी' म्हणत. ठाण्याकडील नदीवरून कंपनीने तिचे नाव ठेवले. मेल्यावर ओलांडावयाची नदीही वैतरणीच, हे साहेबाच्या गावी नसावे. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी दुपारी ती कच्छमधील मांडवी बंदरातून मुंबईकडे निघाली. द्वारकेस आणखी उतारू घेतले. हवा बिघडली होती म्हणून पोरबंदरास न थांबता ती सरळ पुढे गेली, आणि त्यानंतर तिचे काय झाले ते आजतागायत कोणास ठाऊक नाही. एक फळी, एक प्रेत हाती लागले नाही. पोरबंदरच्या अधिकाऱ्याने कप्तानास पुढे जाऊ नकोस म्हणून सांगितले होते, अशी कथा आहे. पुढील अभ्यासकांनी ती खोडून काढली आहे. बळीचा बकरा कप्तान होतो, कारण तो उत्तर द्यावयास परत येत नाही.

दिवाळी नुकतीच झाली होती. बोटीवर तेरा वऱ्हाडे होती असे सांगतात; मुंबईस मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुले होती. नोंदीप्रमाणे सातशे तीन उतारू आणि त्रेचाळीस खलाशी, एकूण ७४६. लोकांच्या तोंडी हा आकडा तेराशेपर्यंत गेला. दोन आकड्यांत इतके अंतर का पडावे? लोक शोकात वाढवून सांगतात हे एक कारण झाले. दुसरे आमच्या मते असे की डेकवर बसणाऱ्या माणसांना कोणी नीट मोजत नसे, आणि हे लोकांना पक्के माहीत होते. कंपनीच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. वादळाच्या सूचना पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांना देण्याची व्यवस्था १८८० पासून होती. मुंबई सरकारने चौकशी केली. बोटीवर जीव वाचविण्याच्या होड्या व साधने पुरेशी नव्हती असे तीत निघाले. गुजराथीत या बोटीवर विलापाची गाणी झाली आणि ती अजून गातात. चौकशीचा अहवाल कपाटात राहिला; स्मृती गाण्यांनी टिकविली.

आमच्या मराठीत तसे विलापगीत का झाले नाही, असा प्रश्न मनात येतो. कदाचित आमचे दुःख उशिराचे म्हणून. स्वदेशीच्या चळवळीनंतर शेपर्डच्या मक्तेदारीस तोंड देण्यासाठी कोकणच्या लोकांनी पै-पैसा जमवून आपली आगबोट कंपनी काढली आणि बोटींना संतांची नावे दिली. त्या कंपनीच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन्ही बोटी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, एकाच दिवशी, वादळात बुडाल्या. महिना पुन्हा नोव्हेंबरच. तिसरी 'रामदास'. ज्या समर्थांचे नाव तिच्यावर होते ते १६०८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातील जांब येथे जन्मले. तेव्हा जालनेकरांचा तिच्यावर थोडा हक्क आहे. १७ जुलै १९४७ च्या सकाळी ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. आषाढातली अवस होती. सण-सुटीसाठी गावी निघालेले कामगार, बायका, मुले, भाजीवाले यांनी बोट भरली होती. काशाच्या खडकाजवळ लाटेने ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी कळली ती पोहून वाचलेल्यांकडून. म्हणजे १८८८ च्या चौकशीनंतर जवळजवळ साठ वर्षांनी साधनांची स्थिती ही होती, आणि या वेळी कंपनी परक्यांची नव्हती, आपली होती.

त्यानंतर नियम झाले. उतारूंच्या बोटींवर बिनतारी यंत्र सक्तीचे झाले, आणि पावसाळ्यात मुंबई-रेवस वाहतूक बंद ठेवावी असे ठरले. मिरगाला गलबत वर ओढणारे कोळी यापेक्षा निराळे काही करीत नव्हते.